बिनखिळ्याची खोली

माणसं मला चेहऱ्यावरून लवकर ओळखू येत नाहीत, पायांवरून येतात. जबलपूरच्या राइट टाउनमधल्या आमच्या गॅलरीत सकाळी चहा घेऊन बसतो, तेव्हा खालून जाणाऱ्यांच्या पायांकडेच नजर जाते. हा टाच घासत चालतो, त्या बाईंच्या चपलेचा डावा पट्टा सैल आहे, शाळेकडे निघालेले ते गुरुजी सगळा भार अंगठ्यावर देतात. बायको म्हणते, लोकांना वाटतं तुम्ही मान खाली घालून बसता, फार नम्र आहात. नम्र वगैरे काही नाही, छत्तीस वर्षांची सवय आहे.

छत्तीस वर्षं मी चपला केल्या. शहराबाहेर मिशनचं कुष्ठरोग्यांचं एक इस्पितळ आहे, त्याच्या चप्पलखान्यात. इथल्या मराठी मंडळींच्या दिवाळी वार्षिकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, तुमच्या त्यागाबद्दल लिहा. आमच्या चर्चमध्येही माझा विषय निघाला की हा शब्द येतोच. मनोहरभाऊंनी आगऱ्याच्या कंपनीतली मोठी नोकरी नाकारली, बंगला-गाडी नाकारली आणि प्रभूच्या सेवेत राहिले. हे ऐकताना मी खाली बघतो, आणि तेही नम्रतेतच जमा होतं. आगऱ्याला मी का गेलो नाही, हे आजवर दोनच माणसांना सांगितलं आहे. एक माझी बायको रोहिणी. दुसरीची गोष्ट पुढे येईल. ज्यांच्यापासून लपवायचं होतं ते माझे वडील आता नाहीत, म्हणून आज लिहितो.

आधी हा धंदा काय, ते सांगतो, कारण बहुतेकांना वाटतं चपला त्या चपला, त्यात काय एवढं. कुष्ठरोग गोळ्यांनी बरा होतो, आणि बऱ्या झालेल्या माणसापासून कोणाला काही होत नाही. पण गोळ्या सुरू व्हायला उशीर झाला, तर पायातल्या संवेदनेच्या नसा मरतात आणि त्या परत येत नाहीत. तुमच्या चपलेत खडा गेला तर तुम्ही दुसऱ्या पावलाला थांबता. आमचा माणूस त्याच खड्यावर दिवसभर चालतो, कारण त्याला काही कळतच नाही. जखम होते, चिघळते, हाडापर्यंत जाते. लोक समजतात रोगाने बोटं झडतात. बोटं जातात ती दुखत नाही म्हणून. दुखणं जे काम करतं, ते आमच्या चपलेने करायचं असतं.

माप आम्ही पट्टीने घेत नाही. शाई लावलेलं रबर कागदावर उलटं पसरायचं आणि माणसाला सांगायचं, नेहमीसारखा चालत ये आणि यावर एक पाऊल टाकून पुढे जा. कागदावर ठसा उठतो. भार जास्त तिथे काळाकुट्ट, कमी तिथे राखाडी, मुळीच नाही तिथे कोरा. काळा डाग जिथे, तिथे उद्याची जखम. चपलेच्या आतलं मऊ रबर असं कोरायचं, की पुढच्या खेपेला तो डाग फिका व्हावा. असे ठसे नाव घालून कपाटात ठेवलेले असत. दुपारी काम नसलं की मी ते चाळत बसायचो. कागदावर माणसाचा रोग दिसत नाही, जात दिसत नाही, वयही नीट दिसत नाही. कोणीतरी आपल्याकडे चालत येतंय, एवढंच दिसतं. अजून ते ठसे माझ्या स्वप्नात येतात. नर्मदेच्या ओल्या वाळूवर उमटलेले असतात, पाण्याकडे गेलेले, खूप लांबपर्यंत. एकाही ठशावर काळा डाग नसतो. जाग आल्यावर बराच वेळ मी तसाच पडून राहतो.

हा चप्पलखाना यशवंत मास्टरांनी उभा केलेला. ते स्वतः इस्पितळाचे जुने रोगी होते. हातांची बोटं आत वळलेली, म्हणून चामडं कापायची रापी मनगटाला पट्ट्याने बांधून घ्यायचे, आणि तरी त्यांच्यासारखा काप मला कधी जमला नाही. त्यांचा नियम एकच. या खोलीत खिळा येणार नाही. चपलेत तर नाहीच, कारण न दुखणाऱ्या पायाला खिळ्यासारखा वैरी नाही. सगळं चिकटवायचं आणि शिवायचं. पण भिंतीतही खिळा नको. कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं, घड्याळ कपाटावर टेकवलेलं, दाराच्या चौकटीवरचा लाकडी क्रूससुद्धा दोऱ्याने लटकवलेला. बाहेरून आलेले पाहुणे त्या बिनखिळ्याच्या क्रूसाकडे बघून मोठा गहन अर्थ काढायचे. मास्टर म्हणायचे, अर्थ काही नाही, खिळा खाली पडला तर कोणाच्या तरी पायात जाईल.

मी तिथे पोहोचलो तो नोकरीसाठी नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झाला होता. वडील संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत कामगारांवर देखरेख करणारे चार्जमन होते आणि त्याच फॅक्टरीत माझंही नाव लागलं होतं. हजर व्हायला दीड महिना होता. आमचे पाळकसाहेब म्हणाले, रिकामा बसतोस त्यापेक्षा इस्पितळात जा, त्यांची शिवणाची यंत्रं बंद पडली आहेत, बघ काही जमतं का.

मी गेलो ती सकाळ थंडीची होती. आवारातल्या कडुनिंबाखाली लांब बाकावर तीस-चाळीस माणसं ओळीने बसलेली, प्रत्येकाचे पाय पाण्याच्या घमेल्यात. धुकं अजून उतरलेलं नव्हतं आणि सगळी घमेली आभाळाच्या रंगाची दिसत होती. थोड्या वेळाने नर्स, मास्टर आणि इस्पितळाचे मोठे डॉक्टर येऊन जमिनीवर बसले, एकेकाचा भिजलेला पाय मांडीवर घेतला, वाळलेली कातडी खरवडली, भेगा बघितल्या, तेल लावलं. हे पायांचं रोजचं काम होतं. चर्चमध्ये मी वर्षातून एकदा, गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी, पाळकसाहेबांना बारा जणांचे पाय धुताना बघत आलो होतो. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून. आमच्याकडचे ते बारा जण आदल्या दिवशी घरी पाय घासूनपुसून, नखं कापून यायचे. इथे तेच रोज आठ वाजता चाललं होतं, आणि कोणी गात नव्हतं, कोणाचं लक्षही नव्हतं.

मला आकाशवाणी झाली नाही. यंत्रं तीन दिवसांत दुरुस्त झाली, पण मी जातच राहिलो. मास्टरांनी हातात आरी दिली. चामड्याला भोक पाडायचं ते टोकदार हत्यार मी पहिल्यांदाच धरत होतो, पण ते माझ्या मुठीत असं बसलं, की मास्टर माझ्याकडे बघत राहिले. दीड महिना संपला तेव्हा मी फॅक्टरीत हजर झालो नाही.

घरी काय झालं असेल, ते कळायला आमचं घराणं सांगावं लागेल. आमचे पणजोबा नागपूरपलीकडच्या एका खेड्यात चपला शिवायचे. ते ख्रिस्ती झाले, आजोबा मिशनच्या शाळेत शिकून कारकून झाले, बाबा जबलपूरला चार्जमन झाले. बाबांचे बूट रोज पॉलिश केलेले असत आणि ते पॉलिश ते स्वतः करीत नसत, बूट बाहेर देत. मी सांगितलं तेव्हा ते जेवत होते. हात थांबवून म्हणाले, "तीन पिढ्या लागल्या हातातली आरी खाली ठेवायला. तू काहून उचलून राहिला रे?"

मी म्हणालो, मला तिथे बोलावणं आहे असं वाटतं. ते म्हणाले, बोलावणं फॅक्टरीचं आहे, त्याचं पत्र आलेलं आहे, तुझ्या त्या बोलावण्याचं पत्र दाखव. त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही. लोकांना सांगायचे, पोरगा हॉस्पिटलात टेक्निकल लाइनला आहे. चप्पलखान्यात मात्र ते कधी आले नाहीत.

गिऱ्हाइकं आमची तऱ्हेतऱ्हेची. भेडाघाटचे एक छोटेलाल होते, संगमरवराच्या मूर्ती घडवणारे. त्यांच्या चपला दर सहा महिन्यांनी तपासणीला यायच्या त्या जशाच्या तशा, कोऱ्या. मी खूश व्हायचो, काय जपून वापरतो माणूस. मग कळलं की ते अनवाणी यायचे आणि इस्पितळाच्या फाटकाशी पिशवीतून चपला काढून घालायचे. मी रागावलो. ते शांतपणे म्हणाले, "भैया, ये चप्पल पाँव बचाने को दी है कि पहचान कराने को?"

त्यांचं बरोबर होतं. आमची चप्पल काळ्या रबराची, जाड, मागे टाचेला पट्टा. पायाला कळत नाही म्हणून चप्पल निसटू नये, यासाठी तो पट्टा. पण आख्ख्या जिल्ह्यात ती चप्पल लोक ओळखायचे. पायात दिसली की चहावाला पेला वेगळा काढायचा. रोग कधीच बरा झालेला, आणि आम्हीच त्यांच्या पायाला त्याची पाटी बांधत होतो.

मग मी ध्यास घेतला. आतून आपली, वरून बाजारातली, अशी चप्पल करायची. तपकिरी, निमुळती, बायकांसाठी वर बारीक नक्षी. तोवर मास्टर देवाघरी गेले होते आणि खोली माझ्या ताब्यात होती. अडचण एकच आली. वळणदार पट्टा तळाशी ओढून चिकटवला, की सरस वाळेपर्यंत जागेवर राहत नसे. बाजारातले कारागीर अशा वेळी खालून बारीक खिळे मारून पट्टा धरून ठेवतात, वाळल्यावर उपसतात आणि मग खालचा टायरचा तळ चिकटवतात. मी आठवडाभर दोरी, चिमटे, वजनं, सगळं करून पाहिलं. शेवटी बाजारात जाऊन खिळ्यांची एक डबी घेऊन आलो. जितके मारायचे तितके मोजून काढायचे, असं स्वतःला बजावलं. डबी ठेवली त्या दिवशी दारावरच्या क्रूसाकडे बघवलं नाही, हे मात्र आठवतं.

चपला सुरेख झाल्या. छोटेलाल त्या घरापासूनच पायात घालून आले. दिल्लीच्या एका प्रदर्शनात मिशनने त्या मांडल्या आणि तिथे आगऱ्याच्या एका बूट कंपनीच्या माणसाने त्या हातात घेऊन उलट्यापालट्या करून पाहिल्या. महिन्याभरात तो जबलपूरला हजर. नवीन विभाग काढत होते, त्याचा प्रमुख म्हणून मला बोलावलं. राहायला बंगला, गाडी, आमच्या मुलीला चांगली शाळा. मी तेव्हा पंधरा वर्षं काम केलेलं, सायकलवर जायचो. रोहिणी म्हणाली, देवाने आपल्याला एवढं दिलंय तर नाही काहून म्हणायचं? बाबा तर पंधरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या कामाबद्दल आपणहून बोलले. म्हणाले, प्रमुख म्हणजे ऑफिसरच की. मला स्वतःलाही जायचं होतं. हे स्पष्ट लिहितो, कारण पुढे जी कथा झाली तीत मी मोहाशी झगडलो असं सांगतात. मी झगडलो नाही, मी हो म्हटलं. निघायला पाच आठवडे उरले आणि रोहिणीने पितळेची भांडी पेटीत भरली.

त्याच दिवसांत फूलबाई आली. बरगी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांपैकी एका गावची, नवरा जलाशयात मासे धरायचा, ही पाटी घेऊन विकायची. बरी होऊन दहा वर्षं झाली होती. पाय बधिर, बाकी बाई खणखणीत. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि सासरच्यांना आईच्या जुन्या दुखण्याचं ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, काळी चप्पल नको, वो दुकान वाली बना दो भैया, आठ दिन में. मी म्हटलं करतो. बांधाबांध, निरोपसमारंभ, आगऱ्याचे फोन, यांतून वेळ काढत मी ती जोडी संपवली. नक्षीचा पट्टा लावताना हात भराभर चालले होते आणि डोक्यात आगऱ्याचा बंगला होता. ती चप्पल घालून फूलबाई खोलीभर चालली, आपल्याच पायांकडे बघत. लहान मुलीसारखी हसत होती.

ती परत आली ती सोळाव्या दिवशी, नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकून. लग्न छान पार पडलं होतं. उजव्या पायाला फडकं बांधलेलं होतं आणि वास दारापर्यंत आला. नर्स तिला आत घेऊन गेली. चप्पल माझ्या टेबलावर राहिली.

मी आत हात घातला. अंगठ्याच्या मागे, जिथे चालताना सगळ्यात जास्त भार येतो, तिथे एक टोक बोटाला लागलं. चप्पल उलटी केली. खालच्या टायरला कुठे भोक नव्हतं. रस्त्यावरचा खिळा असता तर तो टायर फोडून आला असता. हा आतच होता, मीच ठेवलेला, आणि पावलागणिक मऊ रबरातून वर सरकत गेलेला. मी पकडीने तो उपसला. तेवढ्यात डॉक्टर दारात आले. त्यांनी विचारलं, काय होतं? माझ्या हातात खिळा होता. मी म्हणालो, रस्त्याचा खिळा दिसतो.

एवढं एक वाक्य. त्यांनी मान हलवली आणि गेले. मी खिळा खिशात टाकला.

हाडात पू झाला होता. आठ दिवस पाय वाचतो की गुडघ्याखालून जातो, ते कळत नव्हतं. मी रोज वॉर्डाच्या दारापर्यंत जायचो आणि परत यायचो. प्रार्थना करायला बसलो की डोळ्यांसमोर ती खोलीभर चालणारी बाई यायची. शेवटी बोटं आणि पुढचा भाग काढावा लागला. अर्धा पाय आणि टाच राहिली. सासरच्यांना शुगरचा पाय म्हणून सांगितलं आणि मुलीचा संसार सुखाचा चालला.

अर्ध्या पायाला साधी चप्पल चालत नाही. बूट लागतो, पुढची पोकळी भरायची, तळ होडीसारखा गोल करायचा, म्हणजे पाऊल पुढे ढकललं जातं. दर सहा महिन्यांनी नवा. हे काम इस्पितळात मलाच येत होतं. दुसऱ्या कोणाला शिकवून मला जाता आलं असतं, हेही खरं. पण त्या आठवड्यात मी कंपनीला नकार कळवला. सेवाभाव वगैरे मनात काही नव्हतं. तिला तसं टाकून, खिशात तो खिळा घेऊन आगऱ्याला बंगल्यात राहायला जाणं मला जमेना. घरी येऊन रोहिणीला सगळं सांगितलं. ती उठली आणि पेटीतली भांडी एकेक काढून फडताळात लावली. त्या भांड्यांचा आवाज मला वर्षानुवर्षं ऐकू यायचा. खिळ्यांची डबी मी दुसऱ्या दिवशी नर्मदेत टाकली. पट्टा वाळेपर्यंत मग हातानेच धरून बसायचो, दोन-दोन तास.

चर्चमध्ये बातमी पोहोचली ती आपल्या परीने. मनोहरने आगऱ्याला लाथ मारली. पाळकसाहेबांनी रविवारच्या उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे सगळ्यांसमोर आपला अनुभव सांगायला, उभं केलं. मी ठरवून गेलो होतो की खरं सांगायचं. उभा राहिलो तर तिसऱ्या बाकावर बाबा, बूट चकाकत असलेले, टक लावून माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, मला वाटलं माझी जागा इथेच आहे, म्हणून राहिलो. लोकांनी आमेन म्हटलं. मी खाली बसलो.

बाहेर पायऱ्यांवर बाबा थांबले होते. त्यांनी माझा हात धरला, आणि असा हात ते धरत नसत. म्हणाले, "आज समजलं मला. तू हे काहून करून राहिला, ते आज समजलं."

मी तिथेच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी गप्प राहिलो. पुढच्या रविवारपासून ते लोकांना सांगू लागले, माझा मुलगा चपला करतो. टेक्निकल लाइन वगैरे सगळं गेलं. एकदा तर स्वतः रिक्षा करून चप्पलखान्यात आले, पणजोबांच्या हातात असायची तशी आरी उचलून बघितली, अंगठ्यावर टोक लावून पाहिलं आणि परत ठेवली. दोन वर्षांनी गेले. आयुष्यात त्यांनी मला जो एक मोठेपणा दिला, तो एका खोट्यावर उभा होता, आणि मी तो घेतला. याची खंत आजही जात नाही.

फूलबाई दर सहा महिन्यांनी येत राहिली. तिच्या बुटात मी जेवढं मन घातलं तेवढं कशातच घातलं नसेल. ती बसायची, जलाशयाच्या गोष्टी सांगायची. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावाच्या देवळाचं शिखर वर येतं, सगळे होडीतून जाऊन त्याला शेंदूर लावून येतात. मी ऐकायचो, ठसा घ्यायचो आणि मनात म्हणायचो, आज सांगू या. एकवीस वर्षं गेली. तिचे केस पांढरे झाले, नातीचं लग्न झालं.

निवृत्तीला चार दिवस होते. डिसेंबरची सकाळ, धुकं खिडकीच्या गजांपर्यंत आलेलं. फूलबाई नव्या बुटाच्या मापाला आली. मी दार लोटलं, तिच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "फूलबाई, वो कील सड़क की नहीं थी. चप्पल के अंदर की थी. मेरे हाथ से रह गई थी."

ती म्हणाली, "मालूम है."

मी विचारलं, कोणी सांगितलं. ती म्हणाली, सांगणार कोण. रोज संध्याकाळी चपलेत हात फिरवून बघायचा, हे मीच तिला शिकवलं होतं. तिचे हात शाबूत होते. लग्नाच्या घाईत तिसऱ्या दिवशी तिने हात फिरवला आणि टोक लागलं. आतून आलंय, हे तिला दिसलं. तिने दगडाने ते ठोकून खाली बसवलं आणि चप्पल पुन्हा घातली.

"घातली काहून?" मी मराठीतच विचारलं, भान राहिलं नाही.

तिला कळलं. "बेटी की बारात दरवाजे पे थी, भैया. समधन सबके पाँव देख रही थी. नंगे पाँव जाती, कि वो काली वाली पहन के?"

मग तिने उरलेलं सांगितलं. पाय सडला तेव्हा ती घाबरली होती. सगळं कळून चप्पल घातली म्हणून डॉक्टर ओरडतील, पुन्हा चप्पल देणार नाहीत, नवऱ्याला सांगतील. आणि डॉक्टर दारात आले तेव्हा मी म्हणालो, रस्त्याचा खिळा. तिने ते आतल्या खाटेवरून ऐकलं. एकवीस वर्षं ती समजत होती की मी तिच्यासाठी खोटं बोललो. गावात सांगायची, चप्पल वाले भैया ने मेरी लाज रखी.

मला आधी राग आला. एकवीस वर्षं मी ज्या ओझ्याखाली वाकून बसलो होतो, त्याचं दुसरं टोक हिच्या हातात होतं आणि ही मला देवळाच्या गोष्टी सांगत होती. मी तिला आगऱ्याचं सगळं सांगितलं, बंगला, गाडी, भरलेली पेटी. तिने नीट ऐकून घेतलं. विचारलं, "उसी दिन बता देती कि गलती मेरी भी है, तो आप चले जाते?"

मी पुष्कळ विचार केला. खोटं आता बोलायचं नव्हतं. म्हणालो, "शायद."

"तो अच्छा हुआ नहीं बताया," ती म्हणाली.

मी हसलो, आणि हसता हसता डोळे भरून आले. मला वाटत होतं मी शिक्षा भोगतोय, तिला वाटत होतं मी उपकार केला, बाबांना वाटत होतं मी त्याग केला. आणि तेवढ्या वर्षांत फक्त एवढंच झालं होतं की एक बाई चालत राहिली आणि तिच्यामागून आणखी कितीतरी. आता मला तिथे धरून ठेवणारं काहीच उरलं नव्हतं. चार दिवसांनी मी घरी बसणार होतो. हा बूट माझ्या हाताखाली शिकलेल्या कोणीही केला असता, आणि तसं म्हणून मी उठलो असतो तर तिने वाईटही वाटून घेतलं नसतं. मी शाईचं रबर पसरलं, खाली बसलो आणि तिचा पाय हातात घेतला.